चर्च गेलं, भिंत राहिली

खिडकी तशी लहानच. लांब, अरुंद दालनाच्या दक्षिणेकडच्या भिंतीत तीन खिडक्या आहेत, त्यातली ही मधली आणि तिघींत धाकटी. भिंतीच्या बाहेर किंचित झेपावलेली. शिशाच्या बारीक पट्ट्यांत काचेचे तुकडे तिरके बसवलेले, परातीत शंकरपाळे मांडावेत तसे. खिडकीशेजारी एका चौकटीत छोटंसं जांभळट चित्र आहे. प्रथम नुसता डाग वाटतो. चष्मा कपाळावर सरकवून मी डोळे अगदी जवळ नेले, तेव्हा कुठे डागातून जाळी उमटली. काचा काळ्या, शिशाच्या रेघा पांढऱ्या. मान जरा उजवीकडे वळवली की तीच जाळी खरोखरीच्या उन्हात उभी.

ऑगस्ट १८३५ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट नावाच्या गृहस्थाने या खिडकीचं चित्र कागदावर धरलं. कॅमेऱ्याने टिपलेल्या आणि आजवर टिकून राहिलेल्या निगेटिव्ह्जमध्ये ही जगातली सर्वांत जुनी. मूळ कागद टपालाच्या तिकिटाएवढा आहे. तो आता सायन्स म्युझियमच्या संग्रहात असतो, इथे त्याची प्रतिमा लावली आहे. खिडकी मात्र जागच्या जागी आहे.

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातल्या लेकॉक गावी मी गेले ती या खिडकीसाठी. लंडनच्या पॅडिंग्टनहून चिप्पेनहॅमपर्यंत रेल्वे, पुढे बस. गाव दगडी आणि लाकडी सांगाड्यांच्या जुन्या घरांचं. गावाबाहेर एव्हन नदीच्या कुरणात लेकॉक ॲबी उभी. नावात ॲबी, म्हणजे मठ, असला तरी चारशे वर्षं ते एका घराण्याचं राहतं घर होतं. एक दिवस पुरेल असं वाटलं होतं. दोन दिवस गेले, आणि दुसऱ्या दिवशी बराच वेळ मी खिडकीकडे पाठ करून बाहेरच्या हिरवळीवर उभी होते. कारण पहिल्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं, की खरी गोष्ट ज्या भिंतीत ती खिडकी पाडली आहे त्या भिंतीची आहे.

ती भिंत घराची म्हणून बांधलेलीच नव्हती. ती एका चर्चची उत्तरेकडची भिंत होती. चर्च १५४० नंतर पाडलं गेलं, भिंत राहिली, आणि तीच घराची दर्शनी बाजू झाली. आपण हिरवळीवर उभं राहून घराचा फोटो काढतो तेव्हा पाय असतात ते चर्चच्या आत.

इंग्लंडमधल्या मोठ्या घरांवर लिहिताना बहुतेक जण एका वास्तुविशारदाचं नाव घेतात आणि एका शैलीचं. लेकॉकला असं एक नाव सांगता येत नाही. इथे सातशे वर्षं मालक बदलले, प्रत्येकाने आपल्या हौशीने, गरजेने, कधी लोभाने फेरफार केले. पण पाटी कुणीही पूर्ण पुसली नाही. मला या घराचं सगळ्यात मोठं वैभव हेच वाटतं.

सुरुवात एका विधवेपासून होते. एला ही सॉल्झबरीची काउंटेस, स्वतःच्या हक्काने जहागिरीची वारस. तिचा नवरा विल्यम लाँगस्पे हा राजा दुसऱ्या हेन्रीचा अनौरस मुलगा, म्हणजे जॉन राजाचा सावत्र भाऊ. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत राजाला सल्ला देणाऱ्या सरदारांची जी नावं आहेत त्यांत त्याचं नाव आहे. १२२६ मध्ये तो वारला. एलाने पुन्हा लग्न केलं नाही. त्या काळात एवढ्या मोठ्या जहागिरीच्या बाईला हे निभावणं सोपं नव्हतं. एवढंच नाही, तर विल्टशायरच्या शेरीफचं पद, म्हणजे परगण्याचा वसूल आणि न्यायाची व्यवस्था पाहणारं राजाचं पद, तिने स्वतः सांभाळलं. तेराव्या शतकात एका बाईने.

१६ एप्रिल १२३२ रोजी सकाळी लेकॉकला जोगिणींचा मठ आणि त्याच दिवशी दुपारी हिंटनला साधूंचा मठ, अशा दोन मठांचा तिने पाया घातला, असं जुन्या नोंदी सांगतात. पुढे ती स्वतः लेकॉकला जोगीण झाली, १२४० मध्ये मठाध्यक्षा झाली, सतरा वर्षं तिने ते पद सांभाळलं. १२६१ मध्ये तिचा मृत्यू झाला आणि तिला मठाच्या चर्चमध्ये पुरलं. चर्च पाडलं गेल्यावर तिच्या थडग्याची शिळा आत आणली. आज ती ओवरीत आहे. शेजारून शाळेची मुलं पळत जातात.

ओवरी हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. इंग्रजीतल्या क्लॉइस्टरला मराठीत याहून नेमका शब्द नाही. मधे उघडा चौक, भोवती छपराखालून फिरता येईल अशा ओवऱ्या, ओवऱ्यांना लागून खोल्या. पावसापाण्यात न भिजता चर्चपासून भोजनगृहापर्यंत आणि भोजनगृहापासून निजायच्या जागेपर्यंत जाता यावं, ही त्यामागची सोय. पूर्वेला चॅप्टर हाउस, म्हणजे रोज सकाळी जमून मठाचे नियम वाचायची आणि चुका कबूल करायची खोली. तिच्या अलीकडे पूजेची भांडीकुंडी ठेवायची खोली, पलीकडे शेकायची खोली. मठात जोगिणींना शेकोटीपाशी बसायची मुभा होती ती तिथेच. उत्तरेला भोजनगृह, पश्चिमेला मठाध्यक्षेचा भाग, आणि दक्षिणेला चर्च.

या रचनेत एक वेगळेपण आहे, आणि पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. बहुतेक मठांत चौक चर्चच्या दक्षिणेला असतो, म्हणजे चर्चची उंच सावली चौकावर पडत नाही, ऊन मिळतं. लेकॉकला चौक उत्तरेला आहे. त्यामुळे चर्चची जी भिंत ओवऱ्यांना चिकटली ती उत्तरेची. पुढे चर्च गेलं तेव्हा हीच भिंत दक्षिणेच्या उन्हाकडे तोंड करून उघडी पडली.

आज दिसणाऱ्या ओवऱ्या एलाच्या काळातल्या नाहीत. त्या पंधराव्या शतकात नव्याने बांधल्या. म्हणजे जोगिणींनीही घर बदललंच. दगडी छताला फासळ्या आहेत, आणि फासळ्या जिथे एकत्र येतात तिथे गाठीसारखे कोरलेले दगड. कुठे देवदूत, कुठे प्राणी, कुठे नुसता चेहरा. मान दुखेपर्यंत बघावेत असे. जुन्या चॅप्टर हाउसचे खांब बुटके, जाड, गंभीर. शेजारच्या ओवरीची कमान बारीक, नक्षीदार. मधे दोनेकशे वर्षांचं अंतर आहे आणि ते अंतर आपण एका पावलात ओलांडतो.

१५३० च्या दशकात राजा आठव्या हेन्रीने मठ मोडायला घेतले. १५३५ मध्ये तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने लेकॉकबद्दल चांगला अहवाल दिला. इथल्या जोगिणींचे नियम एका जुन्या फ्रेंचमध्ये लिहिलेले आहेत आणि त्यांना ते उत्तम येतात, याचं त्याला नवल वाटलं. बाहेर जग इंग्रजी बोलत होतं आणि या भिंतींच्या आत तीनशे वर्षांपूर्वीची फ्रेंच तग धरून होती. पुढच्या वर्षी कमी उत्पन्नाचे मठ बंद करण्याचा कायदा आला. लेकॉकने ३०० पौंड भरून मुदत मिळवली. पण ती मुदतच ठरली. २१ जानेवारी १५३९ रोजी शेवटच्या मठाध्यक्षेने मठ राजाच्या स्वाधीन केला.

मठ विकत घेणाऱ्यांनी त्यांचं काय केलं, याचे इंग्लंडभर तऱ्हेतऱ्हेचे नमुने आहेत. डेव्हनमध्ये बकलंड ॲबीला मालकाने चर्चमध्येच मजले टाकून त्याचंच घर केलं. लाँगलीटला जॉन थिन याने मठाची जागा घेऊन शेवटी सगळंच नवं उभारलं. यॉर्कशायरमधल्या फाउंटन्स ॲबीचे दगड शेजारच्या हवेलीसाठी वाहून नेले आणि ॲबी भग्न अवस्थेत उभी राहिली. लेकॉक ७८३ पौंडांना घेतलं विल्यम शॅरिंग्टनने. त्याने चर्च पाडलं. शिसं, लाकूड, दगड, सगळ्याला भाव होता. घंटा विकून नदीवर पूल बांधला असं गावात सांगतात. पण बाकीचं त्याने ठेवलं, आणि कसं ठेवलं ते पाहण्यासारखं आहे.

तळमजला त्याला नको होता. दमट, थंड, जाड खांबांचा, राहण्यासारखा नाही. त्याने माडी घेतली. जोगिणींच्या निजायच्या जागा, भोजनगृह, मठाध्यक्षेचा भाग, यांच्या त्याने मालकाच्या खोल्या आणि दालनं केली, ओवऱ्यांच्या डोक्यावरून फिरत जाणारी. खालचा भाग साठवणीला, नोकरचाकरांच्या कामाला सोडून दिला. मालकाचं लक्ष नसलेली जागा बदलत नाही. चॅप्टर हाउस, शेकायची खोली, ओवऱ्या तेराव्या आणि पंधराव्या शतकातल्या रूपात आपल्यापर्यंत आल्या त्या कुणी जपल्या म्हणून नव्हे, तर त्या कुणालाच नको होत्या म्हणून.

शॅरिंग्टनने नवं बांधलं तेही कमी नाही. उत्तरेच्या अंगाला घोड्यांच्या पागांचा मोठा चौक, त्यातच बियर गाळायची आणि पाव भाजायची घरं. इमारतीवर पिळाची धुराडी. आणि आग्नेय कोपऱ्यावर, जिथे चर्च संपत होतं तिथे, अष्टकोनी मनोरा. या मनोऱ्यासमोर मी फार वेळ घालवला. तीन मजली आहे तो. मधल्या मजल्यावरची खोली दगडी, जाड भिंतींची, किमती वस्तू आणि कागद ठेवायची. तिच्या मधोमध दगडी मेज. मेज ज्यांच्या डोक्यावर आहे ते सॅटर, बकऱ्याच्या पायांचे ग्रीक वनदेव, उकिडवे बसलेले. छताच्या दगडी कोरीवकामात विंचू आहे, शॅरिंग्टनच्या घराण्याचं चिन्ह. त्याच्याही वरच्या खोलीत घरातून थेट जाता येत नाही, गच्चीवरून चालत जावं लागतं. जेवण झाल्यावर निवडक पाहुण्यांना घेऊन मालक तिथे जाई. साखरेचे पदार्थ, वाइन आणि खाली पसरलेली आपली जमीन. बँक्वेट या शब्दाचा त्या काळचा एक अर्थ एवढाच, जेवणानंतरचं गोडधोड.

हे कोरीवकाम इटलीतल्या नव्या कलेकडे पाहून केलेलं आहे, आणि १५५० च्या आसपास विल्टशायरच्या कुरणात ते अगदी नवं होतं. शॅरिंग्टनची नजर चांगली होती हे मान्य करावंच लागतं.

त्याचे हात मात्र स्वच्छ नव्हते. १५४६ पासून तो ब्रिस्टलच्या टांकसाळीचा कारभारी होता. राजानेच तेव्हा नाण्यांतली चांदी कमी करून हीणकस नाणी काढायचा सपाटा लावला होता. शॅरिंग्टनने त्यावर आपला हात मारला. कमी वजनाची नाणी पाडायची, फरक खिशात घालायचा, हिशेबाच्या वह्या बदलायच्या. हेन्रीनंतर गादीवर आलेल्या बाल राजाचा मामा आणि आरमाराचा प्रमुख थॉमस सीमोर याच्या कारस्थानाला तो टांकसाळीतून पैसा पुरवणार होता. जानेवारी १५४९ मध्ये दोघेही पकडले गेले. सीमोरचं डोकं मार्चमध्ये उडालं. शॅरिंग्टनने गुन्हा कबूल केला, माफी मिळवली, आणि मोठी रक्कम भरून लेकॉक परत घेतलं. तीन वर्षांनी, १५५२ मध्ये, तो विल्टशायरचा शेरीफ झाला. एलाने सांभाळलं होतं तेच पद. पुढच्याच वर्षी तो वारला. त्या जाड भिंतींच्या खोलीत उभं राहिलं की हा माणूस जवळून भेटतो. कलेची उत्तम जाण आणि पैशाची न शमणारी भूक, दोन्ही एकाच मेजावर.

त्याला मूल नव्हतं. घर भावाकडे गेलं, आणि भावाची मुलगी ऑलिव्ह हिच्या लग्नामुळे टॅल्बट घराण्यात आलं. ऑलिव्हने जॉन टॅल्बटच्या ओढीने गच्चीवरून उडी मारली आणि तिला झेलताना तो अर्धमेला झाला, अशी आख्यायिका आहे. गच्चीची उंची पाहता ती फक्त ऐकायची. यादवी युद्धात राजाच्या बाजूची फौज इथे तळ देऊन होती आणि १६४५ मध्ये तिने शरणागती पत्करली. या शंभर-दीडशे वर्षांत घरावर मोठी खूण उमटली नाही.

ती उमटली १७५० च्या दशकात. तेव्हाचा मालक जॉन आयव्हरी टॅल्बट याने पश्चिमेकडचं प्रवेशाचं दालन नव्याने बांधायला घेतलं आणि त्यासाठी सँडरसन मिलरला बोलावलं. मिलर हा वॉरविकशायरचा जमीनदार, हौशी वास्तुकार. त्या सुमाराला इंग्लंडच्या श्रीमंतांना गॉथिकचं, म्हणजे जुन्या चर्चच्या टोकदार कमानींचं, नवं वेड लागलं होतं. लेकॉकचं दालन त्या वेडाच्या पहिल्या बहरातलं. टोकदार कमानीचा दरवाजा, बाहेर दुहेरी जिना, आत छतावर शेजारपाजारच्या आणि स्नेह्यांच्या घराण्यांची मानचिन्हं रंगवलेली.

दोनशे वर्षांपूर्वी याच जमिनीवरचं खरं गॉथिक चर्च मालकाने शिशा-दगडाच्या भावाने मोडलं होतं. आता त्याच जागेचा मालक पदरचे पैसे घालून गॉथिकचा देखावा उभा करत होता. चर्चमधल्या कमानी छताचं ओझं पेलत होत्या, या दालनातल्या कमानी पाहुण्यांच्या नजरेसाठी आहेत. तरी मला हे दालन आवडलं. त्यात हरवलेल्या वस्तूची ओढ आहे, आणि ती खोटी वाटत नाही.

भिंतींतल्या कोनाड्यांत भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. ऑस्ट्रियातून आलेल्या सेडरबाख नावाच्या शिल्पकाराने त्या १७५५-५६ मध्ये केल्या. त्यांत एला आहे. एक बकराही आहे. बकऱ्याच्या नाकावर साखरेचा खडा आहे. १९१९ साली कुणा विद्यार्थ्याने तो गमतीने ठेवला, आणि तेव्हापासून तो तिथेच आहे, असं सांगतात. मी जवळ जाऊन पाहिला. कडा झिजलेल्या, रंग किंचित पिवळसर, आणि नाकाच्या उतारावर कसाबसा टेकलेला. शंभर वर्षं झाडलोट करणाऱ्या प्रत्येकाने त्याला वगळून मूर्ती पुसली. जपणं म्हणजे रोजच्या कामात असं काही लक्षात ठेवणं.

आता पुन्हा त्या खिडकीकडे.

फॉक्स टॅल्बटचा जन्म ११ फेब्रुवारी १८०० चा. पाच महिन्यांचा असताना वडील वारले आणि मागे कर्ज ठेवून गेले. घर भाड्याने द्यावं लागलं. मुलगा नातेवाइकांच्या घरी वाढला, केंब्रिजला गणित शिकला. १८२७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो लेकॉकला राहायला आला आणि आल्या आल्या त्याने बांधकाम काढलं. दक्षिणेकडच्या माडीचं दालन त्याने मोकळं केलं, आणि भिंतीत बाहेर झेपावलेल्या तीन खिडक्या बसवल्या. १८३० पर्यंत काम झालं. जोगिणींच्या चर्चच्या जुन्या भिंतीतून प्रथमच असा भरपूर उजेड घरात आला.

१८३३ च्या ऑक्टोबरमध्ये इटलीतल्या कोमो सरोवराकाठी तो कॅमेरा ल्युसिडा घेऊन बसला होता. हे लोलकाचं उपकरण समोरचं दृश्य कागदावर असल्यासारखं दाखवतं, पेन्सिल आपण फिरवायची. त्याची चित्रं काही जमली नाहीत. तेव्हा त्याच्या मनात आलं, की उजेड स्वतःच हे दृश्य कागदावर उमटवून कायम राहील असं का करू नये. लेकॉकला परतल्यावर १८३४ मध्ये प्रयोग सुरू झाले. चांगला लिहायचा कागद मिठाच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, वरून सिल्व्हर नायट्रेटचा हात द्यायचा. कागदात सिल्व्हर क्लोराइड तयार होतं आणि ते उजेडात काळं पडतं. मग मिठाच्या तीव्र पाण्यात बुडवलं की पुढे काळं पडणं मंदावतं.

आधी पानं, लेस थेट कागदावर ठेवून प्रयोग केले. मग लहान लाकडी पेट्यांना भिंग लावून कॅमेरे केले. पेटी जितकी लहान तितका उजेड एकवटतो. या पेट्या घराभोवती, कोनाड्यांत, खिडक्यांसमोर तासन्‌तास पडून असत. त्याची बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणायची, आणि ते नाव इतिहासात राहिलं.

खिडकीच का? मला याचं उत्तर त्या दालनात उभं राहिल्यावर सुचलं. कागद फार मंद होता. त्याला लागेल तेवढा उजेड घरात एकाच गोष्टीत होता, उजेड जिथून येतो त्या गोष्टीत. आतून बघितलं की बाकी सगळं अंधारलेलं, आणि समोर दक्षिणेच्या आभाळावर काढलेली शिशाची जाळी. काळं आणि पांढरं, मधलं काही नाही. निसर्गाने कागदाला दिलेला सर्वांत सोपा धडा. चौक दक्षिणेला असता, चर्च उत्तरेला असतं, तर या जागी ओवरीचं छप्पर असतं. शॅरिंग्टनने चर्च पाडलं नसतं, तर या भिंतीपलीकडे आभाळ नसतं. आणि टॅल्बटने स्वतः पाच-सात वर्षांपूर्वी खिडक्या काढल्या नसत्या, तर समोर धरायला जाळी नसती.

निगेटिव्हशेजारी त्याने टिपण करून ठेवलं आहे, की पहिल्यांदा काढली तेव्हा भिंग लावून सुमारे दोनशे काचा मोजता येत होत्या. एका गणितज्ञाचा आनंद त्या आकड्यात आहे.

त्याने ते काम बाजूला ठेवलं आणि इतर विषयांत रमला. जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसमधून बातमी आली, दागेरने धातूच्या पत्र्यावर प्रकाशचित्र धरलं. टॅल्बट धावपळ करत ३१ जानेवारीला रॉयल सोसायटीपुढे आपली पद्धत घेऊन उभा राहिला. दागेरचं चित्र रेखीव, पण एकुलतं एक. टॅल्बटच्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्द त्याचा मित्र, खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने दिले. १८४० मध्ये टॅल्बटला कळलं, की थोडा वेळ उजेड दिलेल्या कागदावर चित्र दिसत नसलं तरी ते आत असतं आणि रसायनाने बाहेर काढता येतं. पुढच्याच वर्षी त्याने या कॅलोटाइप पद्धतीचं पेटंट घेतलं. त्या पेटंटने त्याच्या नावाला बट्टा लागला हे खरं. इंग्लंडमधल्या हौशी माणसांची वाट त्याने अडवली. स्कॉटलंडला पेटंट लागू नव्हतं, आणि त्या काळची कॅलोटाइपमधली सर्वांत सुंदर माणसं तिथेच, एडिंबरात, हिल आणि ॲडमसन यांनी टिपली.

१८४४ ते १८४६ या काळात टॅल्बटने छायाचित्रं चिकटवलेलं पुस्तक हप्त्याहप्त्याने काढलं, 'द पेन्सिल ऑफ नेचर'. त्यातल्या २४ चित्रांत लेकॉकच्या ओवऱ्या आहेत, शॅरिंग्टनचा मनोरा आहे, नदीपलीकडून दिसणारं घर आहे. स्वतःचं चित्र स्वतः काढणारी जगातली पहिली वास्तू आपलं हे घर, असा त्याचा दावा होता. मला त्यात बढाई दिसत नाही. घरानेच भिंत दिली, आभाळ दिलं, जाळी दिली.

ही पद्धत आपल्याकडे पोचायला फार वर्षं लागली नाहीत. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. लेकॉकच्या दालनात मला त्यांची फार आठवण झाली. समुद्राच्या दमट हवेत, आपल्या उन्हाच्या अंदाजाने, ते तीच रसायनं हाताळत होते.

फॉक्स टॅल्बट १८७७ मध्ये गेला. मुलगा चार्ल्स याला पुराणवास्तूंची आवड. त्याने आयुष्य या घराचे थर उलगडण्यात घालवलं. बुजवलेल्या कमानी मोकळ्या केल्या, चॅप्टर हाउस पुन्हा उघडं केलं, हिरवळीखाली चर्चचा पाया शोधला. वडिलांनी भिंतीत खिडक्या काढल्या, मुलाने त्या भिंतीचं मूळ चर्च जमिनीत शोधून काढलं. त्याचं लग्न झालं नव्हतं. १९१६ मध्ये घर भाची मटिल्डाकडे आलं. तिने टॅल्बट आडनाव घेतलं, आणि १९४४ मध्ये घर आणि जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. मठात सातशे वर्षं असलेली १२२५ ची मॅग्ना कार्टाची प्रत तिने ब्रिटिश म्युझियमला दिली. आता ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. विकली असती तर तिला वाटेल ती किंमत आली असती. बाईने सुरू केलेली जागा बाईनेच लोकांच्या हवाली केली.

आज इथे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेक हॅरी पॉटरसाठी येतात. पहिल्या चित्रपटातली जादूची शाळा काही अंशी या ओवऱ्यांत आणि खोल्यांत चित्रित झाली. शेकायच्या खोलीत एक भलीमोठी कढई आहे. मुलांना ती चित्रपटवाल्यांनी आणून ठेवली असं वाटतं. प्रत्यक्षात ती १५०० साली आजच्या बेल्जियममधल्या मेकेलन गावी ओतली गेली. मी होते तेव्हा एक मुलगा कढईच्या काठाला धरून टाचा उंचावून आत पाहत होता. आत काही नव्हतं. तो तरी बराच वेळ पाहत राहिला.

तुम्ही कधी लेकॉकला गेलात, तर घरात शिरायच्या आधी दक्षिणेच्या हिरवळीवर जा. घराकडे तोंड करून उभे राहा आणि मधली, सगळ्यात लहान खिडकी शोधा. तुम्ही उभे आहात तिथे तीनशे वर्षं जोगिणी प्रार्थना म्हणत होत्या, आणि एलाला पुरलं होतं ते याच हिरवळीखाली. तिथे दहा मिनिटं थांबा. मग आत जाऊन तीच खिडकी आतून बघा.